येळवसेचा हरभरा

त्या रानात मारलेलं औषध मी आणून दिलं होतं. माझ्या पैशानं घेऊन, माझ्या गाडीच्या डिकीत घालून, माझ्या हातानं दिलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या बावीस घरांनी त्या नवरा-बायकोला लबाड ठरवलं, त्यातल्या एकाही घराला नाही. ती घरं आजही माझ्याशी आदरानं वागतात. बाजारात भेटली की म्हणतात, सर, तुम्ही चांगलं करायला गेलात, माणसंच तशी निघाली. त्यावर मी मान हलवतो. तीन वर्षं झाली, मी ही मान हलवतोय. चारचौघांत मी फारसा बोलत नाही, म्हणून लोक मला गंभीर समजतात. माझ्या गप्प बसण्यात काय दडलंय हे कुणी कधी विचारलं नाही, आणि ते माझ्या फार पथ्यावर पडलं.

मी अंबाजोगाईत एका कॉलेजात शिकवतो. आमचं मूळ गाव धर्मापुरीच्या बाजूला. आता तिथं आमचं रान नाही, नुसतं घर आहे. त्या नवरा-बायकोतली बायकोही त्याच गावची. आमच्यापासून दोन घरं सोडून तिचं माहेर, वयानं माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. गावची लेक म्हणून मी तिचा दादा आणि तिचा नवरा माझा दाजी. दिली होती युसूफ वडगावच्या पुढच्या एका खेड्यात. दोन एकर जमीन, बरी विहीर, आणि दसरा झाला की दोघांनी मिळून ऊसतोडीला जायचं, ते पाडव्याच्या आसपास परत यायचं.

ती मला भेटली ती सरकारी दवाखान्याच्या आवारात, उन्हाळ्याच्या तोंडाला. लिंबाच्या पारावर कंबर धरून बसली होती. मी कुणाला तरी बघायला गेलो होतो.

"दादा, वळखलं का?" म्हणाली.

खरं सांगायचं तर आधी ओळखलं नव्हतं. उन्हानं इतकी करपली होती. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, यंदा कुठल्या कारखान्याला होता. ती हसून म्हणाली, कुठल्याबी असंना, मोळी तेवढीच जड. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून सांगितलंय, हेही तिनं हसतच सांगितलं. मग चहाचा कागदी कप चुरगाळत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "लगीन होऊन अकरा वर्सं झाली दादा. आपल्या रानात येळवस एकदाबी केली न्हाई."

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांना या वाक्याचा अर्थ लागणार नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबिलीचं मडकं, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, पिठात पाला घालून उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर. घरधनी आंबील शिंपडत आपल्या रानाला फेरी घालतो. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी हात धरून आपल्या रानात जेवायला नेतं. आणि ती मात्र त्या दिवशी कुठल्यातरी परक्या मुलखात उसाच्या फडात मोळ्या बांधत असायची. रान आपलं, पण वर्षातल्या त्या एका दिवशी रानाला आपलं माणूस दिसत नाही, असं तिला वाटायचं. मला ते वाक्य लागलं. तेव्हा खरंच लागलं होतं, एवढं स्वतःच्या बाजूनं बोलतो, पुढं बोलण्यासारखं काही नाही.

माझे साडू पुण्याला राहतात. त्यांच्या सोसायटीतल्या काही घरांनी एका शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आधीच देऊन ठेवले होते, आणि तो दर आठवड्याला जे पिकेल ते त्यांच्या दारात आणून देई. मी ते पाहिलेलं होतं. म्हटलं, हे आपल्याकडं का होऊ नये. पुढच्या रविवारी मी तिच्या रानात गेलो. बांधावर बसून दोघांना सगळं समजावून सांगितलं. वीस-बावीस घरं गोळा करतो, दसऱ्याला सहा महिन्यांचे पैसे एकदम देतो, तुम्ही तोडीला जाऊ नका, भाजीपाला लावा, दर रविवारी टोपल्या आणा.

दाजी काडीनं माती उकरत ऐकत होता. माझं सगळं झाल्यावर म्हणाला, "म्हंजी उचलच की ही. फकस्त मुकादम बदलला. पँटवाला मुकादम."

ती त्याच्यावर डाफरली. मला मात्र झोंबलं. मी मास्तर माणूस, लगेच फरक समजावून सांगायला लागलो. मुकादमाची उचल घेतली की ऊस तोडावाच लागतो, आजारी पडलात तरी, पोर जन्मलं तरी. आमचं तसं नाही. गारा पडल्या, रोग आला, पीक गेलं, तर ते नुकसान तुमचं एकट्याचं नाही, सगळ्या घरांचं. रानात जे येईल ते आम्ही खाऊ. अट एकच, औषध मारायचं नाही.

"आन कीड पडली तर?"

"तर किडकं खाऊ."

"लिवून दिऊ नका," दाजी म्हणाला, "ध्येनात ठिवा म्हंजी झालं."

घरं गोळा करायला मला महिनासुद्धा लागला नाही. कॉलेजातले सहकारी, दोन-तीन डॉक्टर, बँकेतले एक साहेब, बायकोच्या भिशीतल्या बायका. सगळे खूष. आपण जेवता जेवता कुणाचं तरी भलं करतोय, ही भावना फार स्वस्तात मिळत होती. मी फोनवर गट काढला आणि पहिला मजकूर लिहिला, "रानात जे येईल ते घरात." त्याखाली जोडलेले हात, अंगठे, फुलं, पानं यांची नुसती रांग लागली. दसऱ्याला पैसे दिले. त्या आठवड्यात गावातून टोळ्यांचे ट्रॅक्टर निघाले, भांडीकुंडी, शेळ्या, पोरं लादून, आणि हे दोघं पहिल्यांदाच मागं राहिले. गावात टोमणे झाले. शहरातल्या बायांची भाजी तोडायला राहिलाय म्हणे, तिथं कोयत्याला धार तरी लागती. दाजी हसून सोडून द्यायचा.

ते दोन महिने चांगले गेले. ती दोघं मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून रविवारी सकाळी यायची. मेथी, शेपू, चुका, गवार, वांगी. मुळ्याला माती लागलेली असायची आणि आमच्या बायकांना त्या मातीचंही कौतुक. भाऊबीजेला ती टोपल्या उतरवून झाल्यावर तशीच आत आली, बायकोला म्हणाली, वहिनी, ताट द्या जरा. आणि मला ओवाळलं. मला सख्खी बहीण नाही. मी ओवाळणी दिली ती तिनं घेतली नाही. म्हणाली, यंदा येळवसेला समद्यांना घिऊन या, तीच ववाळणी.

मी गटावर लगेच कळवलं. सगळ्यांनी लेकराबाळांसकट यायचं कबूल केलं.

मग आभाळ आलं. आठवडा, दीड आठवडा ऊनच नाही, नुसतं दमट, कोंदट. असं आभाळ आलं की अळी वाढते हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. कोबीत अळी, वालाच्या शेंगेत अळी, वांगं कापावं तर आत अळी. गटावर पहिला फोटो आला तो एका डॉक्टरीण बाईंचा. कोबीच्या पानावर बोटभर हिरवी अळी आणि तिच्याभोवती लाल गोल. अळीला काही कळत नव्हतं, पण गोल असा काढला होता की जणू चोर पकडलाय. दुसऱ्या दिवशी तीन फोटो. कुणी लिहिलं, आम्ही शाकाहारी आहोत. त्यावर वीस जण हसले. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, सर, क्वालिटी कंट्रोल कोण बघतं? मग एकेकाचं सुरू झालं. बटाटे का नसतात, टोमॅटो एकसारखे का नसतात, परवाची मेथी गड्डीत कमी होती. आणि हीच माणसं मंडईतून चकचकीत वांगी आणत होती. ती चकचकीत का असतात ते त्यांना माहीत होतं. बाजारातलं विष चालतं, कारण ते कुणी मारलं ते माहीत नसतं. ओळखीच्या माणसाच्या रानातली अळी मात्र चालत नाही.

माझा राग इथं संपत नाही, इथं सुरू होतो. कारण त्या वेळी एक वाक्य लिहायचं होतं, आणि ते लिहिणारा मी एकटाच होतो. आपण किडकं खायचं कबूल केलं होतं, एवढंच. मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, "आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे." ऑफिसातला कारकून लिहितो तसं.

सात घरं मला वेगळी येऊन भेटली. म्हणाली, आम्ही येळवसेला येऊ, रान बघू, पटलं तर पुढं चालू ठेवू, नाहीतर संक्रांतीपासून बंद. सात गेले की मागून सगळेच जाणार, हे मला कळत होतं. त्याच आठवड्यात एका कार्यक्रमात विषमुक्त शेतीवर माझं भाषण होतं. प्रास्ताविक करणाऱ्यानं सांगितलं की सरांनी एका ऊसतोड कुटुंबाला उभं केलं. मी उभं केलं! शाल आणि नारळ घेऊन मी बाहेर आलो, थेट शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो, अळीवर काय चालतं ते विचारलं आणि बाटली घेतली. डिकीत नारळ होता, त्याच्या शेजारी ती ठेवली.

मला वाचवायचं काय होतं, याचा मी तीन वर्षं विचार केलाय. तिचं घरी राहणं वाचवायचं होतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मला ती शाल वाचवायची होती.

येळवस चार दिवसांवर होती. रानात गेलो तर ती कोबीच्या वाफ्यात बसून एकेक अळी वेचून डब्यात टाकत होती. बाटली बघितली आणि उभी राहिली.

"दादा, आपलं न्हाई म्हणून ठरलंवतं ना?"

मी तिला समजावलं. पाहुणे येणार आहेत, रान नीट दिसलं पाहिजे. एकदाच मारायचं. या रविवारी आणि पुढच्या रविवारी टोपली बंद ठेवू, मी गटावर काहीतरी कारण लिहीन. मग कशाला कुणाला कळतंय. दाजी पाठीवरचा पंप काढून स्वच्छ करायला लागला होता. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात औषध मारलं होतं, त्याला त्याचं विशेष नव्हतं. पण तिचा पाय निघत नव्हता. म्हणाली, हरभऱ्यावरबी मारायचं का? मी म्हणालो, सगळ्यावरच मारा, एका ठिकाणची अळी दुसरीकडं जाते. हरभरा तसाही टोपलीत जात नाही.

"मग भज्जीला काय घालू?"

विहिरीच्या कडेचे दोन वाफे सोडून द्यायचं ठरलं. त्यातलंच वेचून, निवडून येळवसेचा स्वयंपाक करायचा. तिनं ते दोन वाफे लगेच जुन्या साड्या बांधून झाकले, वाऱ्यानं उडून येऊ नये म्हणून. मग परत माझ्यासमोर आली.

"उद्या कुणी इचारलं तर?"

"मी हाय की," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी तिच्या बोलीत बोललो. कॉलेजात शिकवताना मी तसं बोलत नाही. तिथं मुद्दाम बोललो, भाऊ वाटावा म्हणून.

येळवसेच्या दिवशी आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो. पाच-सहा गाड्या, बाकीच्यांच्या स्कूटर. आभाळ गेलं होतं, ऊन स्वच्छ होतं. रान खरंच देखणं दिसत होतं. तिनं हिरवी साडी नेसली होती, नवी, कडक घडीची. कोप तिनं स्वतः बांधली होती. आमच्याकडं हे गड्यांचं काम, पण दाजी म्हणाला, तिला बांधू द्या, अकरा वर्सांची हौस हाये तिची. पांडवांना चुना लावलेला, वर शालीसारखी चादर पांघरलेली. पूजा झाली. दाजीनं आंबिलीचा तांब्या घेऊन फेरी घातली आणि ती त्याच्या मागून पळत होती, नवीन लग्न झालेल्या पोरीसारखी. मला बघून लांबूनच हात केला. मी जन्मात कुणाचा इतका आनंद इतक्या जवळून बघितला नाही. बघताना मनात काय आलं तेही सांगतो. मनात आलं, हे आपण केलं.

आणि मी, शेतकऱ्याच्या पोटचा, एक गोष्ट साफ विसरलो होतो. येळवसेला माणसं नुसती कोपीत बसून जेवत नाहीत. पंगत पडेपर्यंत रानभर हिंडतात, आणि हिंडता हिंडता हरभऱ्याचे घाटे सोलून तोंडात टाकतात. पाला ओरबाडतात, आंबट लागतो म्हणून चघळतात. मी लहानपणी जिभेला चरे पडेपर्यंत हेच केलंय. टोपलीचा हिशेब करताना मी फक्त टोपली बघितली. आमच्या वडिलांनी असली चूक केली नसती. मी शहरात राहून केली.

बायका आणि पोरं हरभऱ्यात शिरली. मला ते दिसत होतं. मी बँकेतल्या साहेबांना विहीर दाखवत होतो. खरं म्हणजे मी तिकडं बघत होतो आणि माझा पाय उचलत नव्हता. वाटलं, चार दिवस झालेत, काही होत नाही. आधी ती पळाली. भाकरीचं पीठ हाताला तसंच, ती पळत गेली आणि डॉक्टरीण बाईंच्या लहान मुलीच्या हातातला घाटा तिनं झटकन काढून घेतला.

"खाऊ नका बाई, कुनीच खाऊ नका. अवशीद मारलंय."

सगळं रान गप्प झालं म्हणतात तसं काही झालं नाही. उलट सगळे एकदम बोलायला लागले. कधी मारलं, कशाला मारलं, कुणाला विचारून मारलं. डॉक्टरीण बाई पोरीला विहिरीवर नेऊन चुळा भरायला लावत होत्या. पोरीनं काही खाल्लेलं नव्हतं, ती नुसती घाबरून रडत होती. कुणीतरी म्हणालं, म्हणजे दोन महिने आम्ही हेच खात होतो. ती सांगत होती, न्हाई बाई, आताच, एकडाव, भज्जीतलं समदं विहिरीजवळच्या वाफ्यातलं हाय, अळ्या येचून केलीया. पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. बँकेतले साहेब म्हणाले, एकदा मारलं काय आणि दहादा मारलं काय, विश्वासाचा प्रश्न आहे.

मग कुणीतरी विचारलं, "सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिच्या बघण्यात विनवणी नव्हती. पावसाळ्यात वळचणीला उभा राहणारा माणूस छपराकडं बघत नाही, ते आहेच असं धरून चालतो, तशी ती माझ्याकडं बघत होती. आता दादा सांगेल, एवढंच.

मी म्हणालो, "तुम्ही मला तरी विचारायचं होतं."

गप्प बसलो असतो तर भित्रा ठरलो असतो. मी गप्प बसलो नाही. हे वाक्य मी शुद्ध भाषेत, शांतपणे, दुखावल्या आवाजात बोललो, आणि ते सगळ्यांना पटलं. दाजीनं वर बघितलं. त्याचं तोंड उघडलं, तसा तिनं त्याच्या दंडावर पिठाचा हात ठेवला. पीठ त्याच्या शर्टाला लागलेलं मला अजून दिसतं. म्हणाली, "चुकलं आमचं."

तिनं माझं नाव का सांगितलं नाही, हे मी कधी विचारू शकलो नाही. माहेरच्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नसतं, असं तिला वाटलं असावं. किंवा मी तसा बोलल्यावर सांगण्यासारखा तिच्या लेखी मी उरलोच नसेन.

कुणी जेवलं नाही. येळवसेला रानात आलेलं माणूस उपाशी जाऊ देत नाहीत, आणि त्या दिवशी बावीस घरं उपाशी गेली. भज्जीचं पातेलं झाकण न उघडता राहिलं. तीन उंडे तिनं निघताना माझ्या बायकोच्या पिशवीत घातले, वहिनी, तुमी तरी न्या म्हणून. घरी आल्यावर बायकोनं ते उकिरड्यावर टाकले. तिला कशाला नावं ठेवू. तिला वाटलं त्यात विष आहे. मी तिथंच उभा होतो आणि ते विहिरीजवळच्या वाफ्यातले आहेत हे मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी गटावरचा शेवटचा मजकूरही मीच लिहिला. विश्वासाला तडा, खेद, निर्णय, असे शब्द त्यात होते. पुष्कळांनी लिहिलं, सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

उरलेल्या महिन्यांचे पैसे घरांनी परत मागितले. दाजी आठवड्याच्या आत ते घेऊन आला. मुकादमाकडून उचल घेतली होती, अर्ध्या हंगामात कुठल्याशा टोळीत दोन माणसं कमी होती तिथं हे दोघं चालले होते. तिची कंबर तशीच होती. मी विचारलं, डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलं होतं ना? हे विचारायला मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. त्यानं नोटा टेबलावर ठेवल्या, चहाला नको म्हणाला, दारात चप्पल घालता घालता बोलला.

"मुकादम शिव्या देतो, दादा. पर तोंडावर देतो."

तो मला त्याआधी कधी दादा म्हणाला नव्हता. सर म्हणायचा. तिच्या शब्दानं त्यानं मला मारलं.

त्यानंतर तीन येळवसा झाल्या. तिन्ही वेळा ती ऊस तोडत होती. त्या बावीस घरांपैकी बऱ्याच घरांनी आता गच्चीवर कुंड्यांत मेथी लावली आहे आणि तिचे फोटो एकमेकांना पाठवतात. त्या कुंड्यांत अळी पडली की हातानं वेचून काढतात आणि म्हणतात, नैसर्गिक आहे ना, चालायचंच. मला ओरडावंसं वाटतं. मी ओरडत नाही, फोटोला अंगठा दाखवतो. मागच्या वर्षी मला परत एका ठिकाणी बोलायला बोलावलं होतं, शेतकरी आणि ग्राहक यांच्यातलं नातं, असा विषय होता. मी गेलो. प्रश्नोत्तरात एकानं विचारलं, असे प्रयोग आपल्याकडं का टिकत नाहीत? मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणा लागतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग कुणावर काढू? त्यांच्यावर काढता येत नाही. ते फसलेले आहेत.

यंदा दसऱ्यानंतर ती दिसली. ट्रॅक्टर अंबाजोगाईत डिझेलला थांबला होता. ट्रॉलीत भांड्यांच्या बोचक्यावर बसली होती, कंबरेला रुंद पट्टा बांधलेला. मी गाडी वळवून दुसऱ्या रस्त्यानं जाणार होतो, तेवढ्यात तिनं बघितलं. दाजीनं तोंड फिरवलं. ती म्हणाली, "दादा, बरं हाय का समदं? वहिनी बऱ्या हायत?"

मी म्हणालो, बरं आहे. तिनं विचारलं, मी गावाकडं गेलतो का एवढ्यात. मी म्हणालो, नाही. ट्रॅक्टर चालू झाला. ती अजून मला दादा म्हणते. शिवी दिली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो कदाचित. मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

तो गट माझ्या फोनमध्ये अजून आहे. कुणीही बाहेर पडलं नाही, कुणी काही लिहीतही नाही. माझा शेवटचा मजकूर अजून तिथंच आहे. परवा मी त्याखाली लिहिलं, औषध मी आणलं होतं, ती नको म्हणत होती. बघत बसलो. मग पुसलं. पाठवलं असतं तरी पुरलं नसतं. ज्या ठिकाणी, ज्या माणसांसमोर मी तिला लबाड केलं, तिथंच ते बोलायला हवं, आणि ती समोर असताना. त्यासाठी तिनं येळवसेला घरी असायला हवं. ती घरी राहावी म्हणून कुणीतरी किडकं खायला तयार हवं. आज निदान एका घराबद्दल, माझ्या, मी तेवढं म्हणू शकतो, आणि तेसुद्धा बायकोनं हे वाचल्यावर मला घरात ठेवलं तर.

त्या बावीस घरांना परत तिच्या रानात नेऊन, तिच्या आणि दाजीच्या समोर, ते औषध मी आणलं आणि मीच मारायला लावलं, हे मोठ्यानं सांगायचं माझ्याकडं बाकी आहे.